अप्पर गाडीवर सोडा, डिप्पर आपल्याकडे ठेवा: ऑटो हाय बीम वापरायचा कसा

आपल्याकडच्या ट्रकच्या पाठीवर दोन वाक्यं हमखास रंगवलेली असतात. एक 'हॉर्न ओके प्लीज' आणि दुसरं 'यूज डिपर ॲट नाईट'. पहिलं आपण नको तेवढं मनावर घेतलं, दुसरं कुणी वाचलंच नाही. समोरचा फुल लाईटवर येतो, आपण डिप्पर देतो, म्हणजे उजेड खाली, जवळ पाडतो, तो देत नाही, मग आपणही हट्टाने अप्पर, म्हणजे लांबवर जाणारा हाय बीम ठेवतो. पुढचे दोन-तीन सेकंद दोन्ही ड्रायव्हर जवळजवळ आंधळे असतात आणि त्याच अवस्थेत एकमेकांच्या शेजारून जातात.

एडासवाल्या, म्हणजे कॅमेरे-सेन्सरच्या मदतीने ड्रायव्हरला हात देणाऱ्या गाड्या आल्या तसा या भांडणावर एक यांत्रिक उपायही आला: ऑटो हाय बीम. ह्युंदाई, किआ, टाटा, महिंद्रा त्याला 'हाय बीम असिस्ट' म्हणतात, टोयोटा 'ऑटोमॅटिक हाय बीम', होंडा 'ऑटो हाय-बीम'. काम एकच. रस्ता रिकामा असेल तर अप्पर लावायचा, समोर गाडी दिसली की डिप्पर करायचा.

माझ्या गाडीत हे आलं तेव्हा पहिला महिना मी त्यावर डोळे झाकून विश्वास टाकला. मग आंबा घाटात एका रात्री घाबरलो आणि पुढचे दोन महिने ते बंदच ठेवलं. आता दोन्ही टोकं सोडून एक पद्धत बसली आहे: अप्पर लावण्याचं काम गाडीवर सोडायचं, डिप्परचा शेवटचा शब्द आपल्याकडे ठेवायचा. हा लेख त्या पद्धतीबद्दल आहे.

गाडीला नेमकं काय दिसतं

आतल्या आरशामागे, पुढच्या काचेला चिकटून एक छोटा कॅमेरा असतो. लेन ओळखणारा आणि समोरच्या गाडीचं अंतर सांगणारा कॅमेरा बहुतेक वेळा तोच. अंधारात तो दोन गोष्टी शोधतो: समोरून येणारे पांढरे दिवे आणि पुढे चाललेल्या गाडीचे लाल दिवे. शिवाय रस्त्यावर खांबांचा उजेड किती आहे हेही बघतो. दोन्ही दिवे दिसत नसतील, आजूबाजूला अंधार असेल आणि वेग ठरावीक आकड्यापुढे गेला असेल, तरच अप्पर लागतो. हा आकडा बहुतेक गाड्यांत ताशी 30 ते 40 किलोमीटरच्या आसपास असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघून घ्या, कारण 'माझ्या गाडीत हे चालतच नाही' म्हणणारे पुष्कळ जण सोसायटीच्या गल्लीत वीसच्या वेगाने चाचणी घेत असतात.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1952 साली कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबाईल गाड्यांच्या डॅशबोर्डवर 'ऑट्रॉनिक आय' नावाचा प्रकाशाचा डोळा बसवला होता. उजेड पडला की डिप्पर. पण समोरचे दिवे कोणते आणि चमकणारा फलक कोणता, हे त्याला कळत नसे. आजच्या कॅमेऱ्याला ते बरंच कळतं. बरंच, पण सगळं नाही.

एक गोष्ट मात्र पक्की डोक्यात ठेवा. हा कॅमेरा दिवे पाहतो, माणसं नाही. ज्याच्याकडे दिवा नाही, त्याच्यासाठी गाडी कधीही डिप्पर करणार नाही.

आधी दिवसा, उभ्या गाडीत

रात्री हायवेवर स्टिअरिंगजवळच्या लाईटच्या दांडीशी खेळत शिकू नका. सुट्टीच्या दिवशी गाडीत बसा, मॅन्युअल मांडीवर घ्या आणि दहा मिनिटं द्या.

आधी टचस्क्रीनवर ड्रायव्हर असिस्टन्स किंवा लाईटच्या सेटिंगमध्ये जा आणि ही सोय चालू आहे का ते बघा. सर्व्हिसिंगहून आलेल्या गाडीत सेटिंग बदललेली सापडू शकते. मग लाईटच्या दांडीचं टोक फिरवून 'ऑटो'वर आणा. आपल्याकडच्या कोरियन, जपानी आणि देशी गाड्यांत ही दांडी सहसा उजवीकडे असते. काही युरोपीय गाड्यांत लाईटची गोल चकती डॅशबोर्डवर आणि अप्पर-डिप्परची दांडी डावीकडे असते. त्यानंतर बऱ्याच गाड्यांत दांडी पुढे, म्हणजे आपल्यापासून लांब ढकलायची. काहींत त्यासाठी वेगळं बटण असतं.

मीटरमध्ये हेडलाईटचं चित्र आणि त्यात 'ए' अक्षर असा दिवा लागेल. तो लागला म्हणजे राखणदार जागा आहे, एवढंच. अप्पर खरोखर लागला की नेहमीचा निळा दिवा पेटतो. हे दोन दिवे एकच समजू नका. रात्री नजर त्या निळ्याकडे हवी.

आता महत्त्वाचा सराव: बंद कसं करायचं. बऱ्याच गाड्यांत अप्पर लागलेला असताना दांडी आपल्याकडे ओढली की डिप्पर होतो आणि ऑटोही सुटतं. पुन्हा हवं असेल तर दांडी परत पुढे. काही गाड्यांत दांडी दुसऱ्यांदा पुढे ढकलली की अप्पर कायमचा लागतो, मग समोर कुणीही येवो. ही चूक मी स्वतः केली आहे. सोय बंद केली अशा समजुतीत बराच वेळ लोकांच्या डोळ्यांत उजेड मारत गेलो आणि समोरून येणाऱ्या शिव्या मला कळेनात. तेव्हा बोटांना सवय होईपर्यंत उभ्या गाडीत ओढणं-ढकलणं करा. उभ्या गाडीत अप्पर आपोआप लागणार नाही, पण दांडी कुठे अडते आणि कुठून परत येते हे हाताला समजेल.

काच आणि फास्टॅग

फास्टॅग कुठे चिकटवतात? काचेच्या मधोमध, आरशामागे. कॅमेरा कुठे असतो? तिथेच. टोलनाक्यावर घाईघाईत कुणाकडून टॅग लावून घेतला तर तो कॅमेऱ्याच्या खिडकीवर अर्धा चढण्याची शक्यता असते. बाहेर उतरून एकदा बघा. कॅमेऱ्यासमोरचा पट्टा पूर्ण मोकळा हवा: टॅग नको, पीयूसीचा कागद नको, गावच्या देवस्थानाचं स्टिकर नको. डॅशबोर्डवर चकचकीत मूर्ती ठेवली असेल तर तिचं प्रतिबिंब काचेत कुठे पडतं तेही बघा.

पावसाळ्यात याच जागी आतून वाफ धरते. समोरच्या काचेवर हवा सोडणारं डीफॉगरचं बटण दाबा, हाताने पुसत बसू नका, कॅमेऱ्याच्या भिंगावर बोटांचे ठसे उमटतात. वायपरची रबरं झिजली की ती नेमकी वरच्या मधल्या भागात रेघा सोडतात. आपल्याला त्या जाणवत नाहीत, कॅमेऱ्याला जाणवतात.

दगड लागून काच बदलावी लागली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा नीट जुळवणं, करून घ्या आणि ते झाल्याची नोंद बिलावर लिहून मागा. बाहेरून स्वस्तात काच बसवून घेणाऱ्यांचं हे राहून जातं. मग गाडी डिप्पर उशिरा देते आणि मालक सॉफ्टवेअरला दोष देतो.

पहिली चाचणी एकट्याने घेऊ नका

माझा धाकटा भाऊ मोटरसायकल घेऊन आला होता. गावाबाहेरचा सरळ, रिकामा रस्ता निवडला. तो डांबराच्या कडेला, मातीवर गाडीचं तोंड माझ्याकडे करून, डिप्परवर दिवा लावून थांबला. मी लांबून पन्नासच्या वेगाने येत राहिलो. निळा दिवा कुठे विझतो ते मी बघायचं आणि उजेड डोळ्यांवर आला का ते त्याने सांगायचं. मग त्याने गाडी उलट वळवली, टेललाईट माझ्याकडे.

पुढून दिवा दिसत असताना डिप्पर बराच लवकर झाला. मागून मात्र उशिरा. त्याचा टेललाईट चिखलाने माखलेला होता. "दादा, आरशात नुसता वणवा पेटलाय," तो फोनवर ओरडला. फडक्याने दिवा पुसून पुन्हा घेतली तेव्हा फरक पडला. या एका चाचणीत मॅन्युअलच्या चार पानांपेक्षा जास्त कळलं. आपल्या रस्त्यावरच्या किती गाड्यांचे मागचे दिवे पुसलेले असतात?

दुचाकींबाबत एक बरं झालं आहे. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, त्यामुळे समोरून बिनदिव्याची येणारी मोटरसायकल पूर्वीपेक्षा कमी दिसते. पण एकाच डोळ्याने चालणारा टेम्पो ही जमात अजून आहेच. कॅमेऱ्याला ती दुचाकी वाटू शकते. आपल्यालाही वाटते.

मोकळा रस्ता: इथे बिनधास्त वापरा

ही सोय खरी चमकते ती सरळ, अंधाऱ्या, वाहतूक विरळ असलेल्या रस्त्यावर. थोडं गणित करू. ताशी 80 च्या वेगाने गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. काहीतरी दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर 33 मीटर तिथेच गेले. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरनिशी थांबायला आणखी 35 मीटर तरी लागतात. एकूण साधारण 70. डिप्परचा कामाचा उजेड मात्र बऱ्याच गाड्यांत पन्नास-साठ मीटरपुढे विरत जातो. म्हणजे डिप्परवर 80 ने जाणारा माणूस स्वतःच्या उजेडाच्या पुढे धावत असतो. तोच वेग 60 केला तर थांबायला 45 मीटरच्या आसपास पुरतात.

समृद्धी महामार्गाचे 701 किलोमीटर जून 2025 मध्ये पूर्ण खुले झाले आणि तिथे मोटारींना ताशी 120 पर्यंत मुभा आहे. त्या वेगाला हेच गणित 130 मीटरवर जातं. तिथे अंधाऱ्या पट्ट्यात डिप्परवर 120 ने जाणं म्हणजे डोळे मिटून जाणं. पुढे कुणाचे लाल दिवे नसतील तर अप्पर हवाच, आणि तो दर वेळी आठवणीने लावण्यापेक्षा गाडीने लावलेला बरा. आपला हात आळशी असतो, गाडीचा नसतो.

इथे एक सवय लावून घ्या. रस्ता रिकामा दिसतोय आणि गाडीने उगाचच डिप्पर केला, तर तिच्यावर चिडण्याआधी ॲक्सिलरेटरवरून पाय उचला. बहुतेक वेळा तो हिरवा दिशाफलक असतो किंवा वळणावरचे चमकते बाण. पण कधीतरी ती कडेला उभ्या असलेल्या, दिवे बंद केलेल्या ट्रकच्या पाठीवरची चमकती पट्टी असते आणि कॅमेऱ्याला ती तुमच्या आधी दिसलेली असते.

ओव्हरटेक करताना आणखी एक गोष्ट होते. तुम्ही उजव्या लेनमध्ये आलात, पुढच्या गाडीचे लाल दिवे कॅमेऱ्याच्या नजरेतून सुटले, की अप्पर लागतो आणि सगळा उजेड त्या माणसाच्या उजव्या आरशात जातो. कारला ओव्हरटेक करत असाल तर आधीच ऑटो बंद करा.

कण्हेरीमागचा ट्रक

हे मला एका ट्रकवाल्याने ढाब्यावर सांगितलं, नाहीतर कधी लक्षातच आलं नसतं. आपल्या चौपदरी रस्त्यांच्या दुभाजकात कण्हेर किंवा बोगनवेल लावलेली असते. ती चांगली वाढली की समोरच्या लेनमधले दिवे झाकले जातात. कॅमेऱ्याला वाटतं समोर कुणी नाही, आणि अप्पर पेटलेला राहतो. पण ट्रकचे दिवे झाडीच्या खाली असतात, ट्रकचा ड्रायव्हर झाडीच्या वर. "तुमच्या गाडीला माझा लाईट दिसत नाही, पण मला तुमचा पूर्ण दिसतो," त्याने चहाचा ग्लास डोळ्यांसमोर धरून दाखवलं. तेव्हापासून दाट दुभाजक असला आणि पलीकडे फांद्यांवरून उजेड सरकताना दिसला की मी हातानेच डिप्पर करतो.

घाटात बंद

घाटात मी ही सोय बंद ठेवतो. नियमाने, अपवाद नाही.

आंबा घाटात त्या रात्री झालं असं. मी उतरत होतो, ट्रक चढत होता. वळणाच्या अलीकडेच मला समोरच्या दरडीवर त्याच्या दिव्यांचा पिवळसर उजेड हलताना दिसला. घाटात गाडी चालवणाऱ्या कुणालाही कळतं की आता कुणीतरी येतंय. गाडीला ते कळलं नाही, कारण तिला उजेड नको असतो, दिवा हवा असतो. ट्रकचं तोंड वळणाबाहेर आल्यावर तिने डिप्पर केला, पण तोवर माझा अप्पर थेट त्याच्या काचेत गेलेला होता. भरलेला ट्रक चढावर, ऐन वळणात कचकन थांबला आणि हातभर मागे सरकला. मागे कुणी नव्हतं म्हणून निभावलं. ड्रायव्हरने काच खाली केली, मला वाटलं शिव्या देईल. तो फक्त कपाळाला हात लावून बघत राहिला.

घाटात हे बंद ठेवायची दुसरी कारणंही आहेत. साधे हेडलाईट सरळ बघतात, रस्ता वळतो. म्हणजे वळणावर तुमचा अप्पर रस्ता सोडून दरी उजळत असतो, फायदा तसाही थोडाच. आणि आंधळ्या वळणाआधी आपण दांडी ओढून दोनदा उजेड मारतो, 'मी येतोय' सांगायला. अप्पर आधीच आपोआप लागलेला असेल तर ओढल्यावर तो विझतो. इशारा देण्याऐवजी आपण अंधार करतो आणि वर ऑटो सुटतं ते वेगळंच.

इशाऱ्याचं निघालंच आहे तर हेही. आपल्याकडे दिवा मारणं म्हणजे 'थांब, मी आधी येतोय'. इंग्लंडमध्ये राहणारा माझा मित्र सांगतो की तिकडे लोक त्याचा अर्थ सर्रास 'जा तू' असा घेतात. मशीनला दोन्ही अर्थ ठाऊक नाहीत. चढ-उताराच्या रस्त्यावर तुमची गाडी अप्पर-डिप्पर-अप्पर करत राहिली, तर अरुंद पुलापलीकडचा माणूस ते तुमचं बोलणं समजतो आणि त्याप्रमाणे निर्णय घेतो. असं व्हायला लागलं की ऑटो बंद करून साध्या डिप्परवर या. चढाच्या माथ्यावरही तेच. माथा यायच्या आधी हाताने डिप्पर, पलीकडे कोण आहे हे कुणालाच दिसत नसतं.

ज्यांच्याकडे दिवा नाही

कोल्हापूर, सांगली, सोलापूर, नगर या पट्ट्यात हिवाळ्यात रात्री गाडी चालवली असेल तर ऊस ट्रॉली वेगळी सांगायला नको. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, उसाचा भारा दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागचा दिवा असलाच तर पाल्याखाली झाकलेला. कारखाने रिफ्लेक्टर लावतात, पण धूळ बसली की तेही मिटतात. इथे ऑटो हाय बीमचा अडाणीपणा उलट उपयोगी पडतो. लाल दिवा दिसला नाही म्हणून अप्पर तसाच राहतो आणि ट्रॉली तुम्हाला लांबून दिसते. तेव्हा गळीत हंगामात या रस्त्यांवर ऑटो चालू ठेवा. पण समोरून दुसरी गाडी आली आणि डिप्पर झाला, की त्या क्षणी तुमची नजर निम्म्यावर येते, आणि ट्रॉलीवर मागून गाडी चढण्याचा धोका नेमका तेव्हाच असतो. म्हणून डिप्पर झाला की वेग कमी, मग तो गाडीने केलेला असो की तुम्ही.

माणसांचं उलट. पहाटे सायकलवरून दुधाच्या किटल्या नेणारा, ऊसतोडीला निघालेली बायकापोरं, शिर्डीला पायी निघालेली दिंडी, आषाढीत भल्या पहाटे चालायला लागलेले वारकरी. यांच्याकडे पाहून गाडी डिप्पर करत नाही. एकदा फलटणजवळ अंधारात एक म्हातारे वारकरी दिसले. डोळ्यांपुढे टाळ आडवा धरला होता, माझ्या उजेडापासून वाचायला. दांडी ओढायला किती वेळ लागतो? पण गाडी करेल म्हणून मी तोवर ओढली नव्हती. आता रस्त्याकडेला एकजरी माणूस चालताना दिसला तर आधी उजेडात त्याला नीट बघून घ्यायचं, मग डिप्पर करायचा, वेग कमी करायचा आणि बाजूने जागा सोडून जायचं.

पाऊस, धुकं

आंबोली, महाबळेश्वर, ताम्हिणी, पावसाळ्यातली रात्र. ऑटो बंद, अप्पर बंद. धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण पाण्याचे थेंब तो उजेड तुमच्याच डोळ्यांत परत फेकतात. डिप्पर आणि खालचे फॉग लॅम्प वापरा. जोराच्या पावसात कॅमेऱ्यालाही धड दिसत नाही आणि मीटरवर तसा संदेश येतो. तो आला की गाडी बिघडली असं समजू नका, पाऊस ओसरला की सोय परत येते.

आणि तरीही समोरचा दिवा मारत असेल तर

निळा दिवा विझलेला आहे, तुम्ही डिप्परवर आहात, तरी समोरचे एकामागून एक दिवा मारताहेत. दोष ऑटो हाय बीमचा नाही. मागे तीन माणसं आणि डिकीत गणपतीला गावी न्यायचं सगळं सामान असलं की गाडीचं नाक वर होतं आणि डिप्परही डोळ्यांच्या उंचीला जातो. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला, खाली एक छोटं चाक असतं, 0 पासून 3 पर्यंत, काहींत जास्त. एकटे असाल तर 0, गाडी भरलेली असेल तर 2 किंवा 3. आकडा वाढला की उजेड खाली येतो. काही गाड्यांत हे आपोआप होतं, तिथे हे चाक नसतं.

चाक फिरवूनही फरक पडला नाही तर बल्ब बघा. हॅलोजनचा साधा एच-4 बल्ब अप्परला 60 वॉट आणि डिप्परला 55 वॉटचा असतो. आधीच्या मालकाने हेडलाईटच्या त्याच रिफ्लेक्टरमध्ये, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत वाटीत, बाजारातला पांढराशुभ्र एलईडी कोंबला असेल, तर उजेडाची कड तुटते आणि डिप्परसुद्धा अप्परसारखा पसरतो. संध्याकाळी गाडी भिंतीपासून सात-आठ मीटरवर सपाट जागी उभी करून डिप्पर लावा. भिंतीवर उजेडाची वरची रेघ स्वच्छ, हेडलाईटच्या उंचीपेक्षा थोडी खाली आणि डावीकडे किंचित चढलेली दिसली पाहिजे. रेघच दिसत नसेल, नुसता पांढरा गोळा असेल, तर तो बल्ब काढा आणि मूळचा बसवा.